सुमनचा अवघड पेपर

परळ, मंगळवार, १९५८

आज सुमन म्हणाली, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्सचा पेपर सोडते, डोक्यात शिरत नाही. तिचे सर म्हणतात, फिजिक्स घेतलंय तर हे हवंच, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. मी म्हटलं, "मला समजावून सांग. मला कळलं, तर तुला नक्की कळलं."

हसली. "आई, तू सातवी शिकलेली."

"म्हणूनच सांग गो."

तिने शिवणाचा दोरा पाटावर ठेवला, दोन्ही टोकं बोटांनी दाबली. इथून निघायचं, इथे पोचायचं. मधले रस्ते कितीही. निसर्ग त्यातला कुठला घेतो, ते काढायचं. प्रकाश कसा वळतो, फेकलेला चेंडू कसा जातो, सगळं याच रीतीने निघतं म्हणे.

मला कळलं. हे संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात गेले तेव्हापासून मी मनात दुसरं काय करतेय? त्या दिवशी घरी येताना हे माझगावातून आले असते तर? भायखळ्याला थांबले असते तर? रडू आलं नाही. हल्ली येतच नाही. मी दोरा मधून सरकवून दुसरा रस्ता केला, आणि सरकवताना त्याचं टोकही माझ्याकडे ओढलं.

"टोक नाही हलवायचं, आई. टोकं ठरलेली असतात."

बोलून गेली आणि दोरा गुंडाळू लागली. तिलाही कळलं बहुतेक.

मी म्हटलं, पेपर सोडू नकोस. का म्हटलं, ते तिला सांगितलं नाही. घरात एकीला तरी टोकं न हलवता रस्ता काढता यावा.