झबल्याचं शेवटचं बटण

ता. ३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने यांचा आजार उताराला लागला. बोलणं पूर्वीसारखं झालं, काठीही कोपऱ्यात गेली. उजवा हात मात्र अजून ऐकत नाही. व्यायामाच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो यांनी पलंगाखाली टाकला आणि म्हणाले, की जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता म्हातारपणी चेंडू खेळू का! मी रोज केर काढताना तो बाहेर काढते, हे रोज पायाने आत ढकलतात. तेवढाच काय तो व्यायाम, तोही पायाला.

खरी काळजी वेगळीच आहे. लेकीला सातवा महिना लागलाय. बाळाचं पहिलं झबलं माझ्या हातचं, असं यांनी तिला कबूल केलं होतं. मऊ पांढरं कापड आजाराच्या आधीच आणलेलं आहे. परवा ते माझ्या हातात देऊन म्हणाले, की दुसऱ्या शिंप्याकडे टाक. मग स्वतःच मशीनवर चादर घातली. कापड मी गुपचूप कपाटात ठेवलंय. काय करू ते कळवा.

आपली,
धाकटी

ता. ८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आमचा बंडू लहानपणापासून असाच. औषध म्हणून दिलेला गूळसुद्धा थुंकायचा. पण हे काम तुझ्याशिवाय कोण करणार म्हटलं, की भरलेली बादली उचलायला धावायचा. तेव्हा तो चेंडू शेजारच्या मुलांना देऊन टाक आणि त्याला घरातलं काम सांग. खरं काम हं, खोटं लगेच ओळखेल. तुझी मनगटं दुखतात हे खोटं नाहीच. कणीक मळायला दे, मटार सोलायला दे. आणि तो मळत असताना समोर उभी राहू नकोस. तुझी नजर पडली की माझ्यासुद्धा हातातलं भांडं सुटतं!

जप करताना माझ्याही वाटणीचा थोडा करत जा.

तुझी वन्सं

ता. २ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं औषध लागू पडलं होतं. पहिल्या दिवशी निम्मी कणीक परातीत, निम्मी कोपरापर्यंत. पोळ्या दगडासारख्या झाल्या, पण यांनी मिटक्या मारत खाल्ल्या आणि दोष पिठाच्या गिरणीला दिला. मटार तर टीव्ही बघता बघता सोलू लागले. मग मी धीर करून उशांच्या अभ्र्यांची सुटलेली बटणं पुढे ठेवली. दुपारभर बसून लावली हो यांनी!

आणि माझी बुद्धी फिरली. बटणं वाकडी होती, माझ्याने बघवेना. हे झोपल्यावर मी सगळी उसवून सरळ लावली. दोरासुद्धा तोच वापरला, वाया नको म्हणून. पण शिंप्याला टाका ओळखू येणार नाही का? सकाळी यांनी अभ्र्यावरून बोट फिरवलं आणि घडी करून तो बाजूला ठेवला. तेव्हापासून कणीक बंद, मटार बंद. कापड शिंप्याकडे गेलं का, एवढंच विचारतात. मी विषय बदलते.

रागवा, पण उत्तर पाठवा.

धाकटी

ता. ६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

उरलेला कणकेचा गोळा तू कधी वाया जाऊ दिला नाहीस आणि माझ्या भावाची अख्खी दुपार उसवून टाकलीस! आता पाल्हाळ न लावता चुकलं म्हणून सांग. तुझी बटणं काढ आणि अभ्रे त्याच्यापुढे ठेव. बटण वाकडं आहे म्हणून उशीची झोप मोडत नाही.

रागावले असले तरी तुझीच,
वन्सं

ता. २९ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. हे नुसतं हूं म्हणाले. चहा झाल्यावर मात्र म्हणाले, की ते पांढरं कापड कपाटातून काढ. म्हणजे सगळं ठाऊक होतं!

कात्री डाव्या हातात, उजव्याने कापड दाबून धरायचं, असं हळूहळू झबलं बेतलं. शिवण एका बाजूला जरा तिरकी गेली. माझे हात शिवशिवत होते, म्हणून मी जपमाळ घेऊन बसले. शेवटच्या बटणाला यांची बोटं थकली. तेव्हा यांनी आपणहून सुई माझ्यापुढे धरली. मी जीव ओतून बटण लावलं. यांनी चष्मा चढवला, बटण ओढून पाहिलं आणि म्हणाले, की टाका सैल आहे, उसव. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. लग्नानंतर मी दुकानात यांच्या हाताखाली शिकायची तेव्हा हे असंच उसवायला लावायचे, आणि मी फुरंगटून बसायची. आज मात्र उसवताना डोळे असे भरून आले, की सुईत दोरा जाईना. यांना वाटलं मी रागावले. म्हणाले, की रडून टाका घट्ट होत नसतो.

तिसऱ्यांदा पसंत पडलं. झबलं लेकीकडे पाठवलं. देवाचे उपकार मोठे, आणि वन्सं, तुमचेही.

मशीनवरची चादर आज धुवायला टाकली.

चुकेन तेव्हा असाच कान धरत राहा.

आपली,
धाकटी