नौरोझपर्यंत नडगी

१९ जानेवारी
डावी नडगी मोडली. समोरच्या संघातल्या जोलचूने मोडली. मेलेल्या बोकडासाठी सगळे घोडे एकमेकांवर चढले होते, मी फक्त त्याच्या तोंडावर चाबूक ओढला. पुढचा दात गेला त्याचा. घोड्यावरून बोकड पळवून गोल करायचा, हा कोक-बोरू; चाबूक त्याचा भागच आहे. मग त्याचा घोडा माझ्या पायावर आला. ही दुष्टबुद्धी. मी अजिबात ओरडलो नाही. बुरुल म्हणते, घरापर्यंत ऐकू आलं. बायकोला खेळातलं काय कळतं?
निर्धार: २१ मार्चला, नौरोझच्या म्हणजे नव्या वर्षाच्या सामन्यात, जोलचूला लोळवणार.

२३ जानेवारी
आनारकानताई डॉक्टर आहेत, आमच्याच आळीतल्या. त्या म्हणतात, हाडात काही पेशी हाड खातात, काही बांधतात. ग्रोथ फॅक्टर म्हणजे त्यांना मिळणारे हुकूम: कुणी कामाला लागायचं, कुणी थांबायचं. काही हुकूम हाडातच कोंडलेले असतात. खाणाऱ्यांनी हाड खाल्लं की ते सुटतात आणि बांधणाऱ्यांना बोलावतात.
"त्यांचं ते बघतील, ओरोझ. तू पाय हलवू नकोस आणि सिगारेट सोड."
सोडली.

२४ जानेवारी
एकच ओढली.

८ फेब्रुवारी
विचार केला. हुकूम हाडात कोंडलेले. म्हणजे ठोकलं की सुटणार! डॉक्टर असून ताईंना सुचलं नाही. चाबकाच्या दांड्याने प्लास्टरवर ठोकतो, सकाळ-संध्याकाळ. डोळ्यांपुढे अंधारी येते. गुण येतोय.
बुरुलने दांडा हिसकावला. मी चहाचा वाडगा भिंतीवर फोडला. रागाने नव्हे, हात सुटला. ती दिवसभर बोलली नाही. घरात शांतता, हाडाला चांगली.

२ मार्च
जोलचू आला. घोड्याचं मांस घेऊन. घाबरलाय, उघड आहे. पायाची चौकशी केली, माझ्या घोड्याला रोज फिरवून आणू का म्हणाला. म्हणजे त्याची चाल शिकून घ्यायची! कुबडी फेकून मारली. हुकली. बुरुलने त्याला जेवायला बसवलं.

१८ मार्च
प्लास्टर मीच कापलं. एक्सरे कशाला? पाय वाकडा दिसतो, तो खिडकीतल्या उजेडामुळे. ताई धावत आल्या. दाबून बघितलं.
"आत अजून मऊ आहे. घोड्यावर बसलास तर पाय जाईल."
लोकांना दुसऱ्याचा कॉन्फिडन्स बघवत नाही.

२१ मार्च, सकाळ
बुरुल लगाम धरून उभी राहिली. ढकलली. चिखलात पडली. सामना जिंकून आलो की समजूत काढेन.

२९ मार्च, हॉस्पिटल
आज लिहिता येतंय. बोकड जोलचूच्या मांडीखाली होता, गोल होणारच होता. चाबकाचा दांडा दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावर हाणला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज आला. फार बरं वाटलं. तेवढ्यात माझी नडगी गेली, या खेपेला कातडी फाडून. मी खुरांखाली. एका घोड्याने बरगड्या तुडवल्या. जोलचूने बोकड टाकून दिला, धड असलेल्या हाताने माझी कॉलर धरली आणि मला बाहेर ओढत नेलं. त्याचा संघ हरला. म्हणजे माझा डाव तसा यशस्वीच.

६ एप्रिल
जखमेत पू आहे. किरकोळ. सप्टेंबरच्या सामन्यासाठी नाव पाठवायला सांगितलं. संघातलं कुणी अजून भेटायला आलेलं नाही. सराव चालू असेल.

१० मे
जोलचू खांदा तपासून घ्यायला आला होता. त्याचं हाड जुळलं. हात वर करून दाखवला, मग माझ्याकडे बघून खाली घेतला.
ताई खाटेवर बसल्या. पू हाडात उतरलाय. हाड खाणाऱ्या पेशींना जंतू चिथावत राहतात, बांधणाऱ्यांना उभं राहू देत नाहीत.
"म्हणजे अजून किती दिवस?" मी विचारलं.
"दिवसांचं नाही आता, ओरोझ. उद्या गुडघ्याखाली कापावा लागेल."

११ मे, सकाळ
बुरुल आली. खाटेखालचे माझे बूट घरी न्यायला पिशवीत घातले. डावा पुन्हा बाहेर काढला, हातात धरून बसली.
राहू दे इथेच, म्हणालो.