रुपीबाईची सुई

१९ जानेवारी २०२५

ती. रुपीबाई यांना,
जयभीम आणि जय सेवालाल.

‘सुई खोटं नाही बोलत, बाबारावजी.’ सदतीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर उभं राहून तुम्ही माझ्या वडिलांना हे वाक्य ऐकवलं होतं. मी त्यांचं बोट धरून उभी होते. मी दीपमाला, बाबारावांची धाकटी. सुई घेऊनही जिला घटसर्प झाला असं गाव म्हणतं, ती.

तुमचे गुडघे कसे आहेत? पत्ता तुमच्या मुलानं दिला. गेल्या आठवड्यात पुसदला प्रेमसिंगभाऊंच्या दुकानात गेले होते. त्यांनी बजावलं, की आईसमोर त्या गावाचं नाव काढलं तर ती टीव्हीचा आवाज मोठा करते, तेव्हा फोन करू नका. पत्र मात्र ती फेकत नाही, आधी चष्मा शोधते. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं बरं आहे. तूर कापून झाली, अंगणात ढीग लागलाय. ताई आर्णीहून आली आहे. दोन दिवस तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन मी सुस्तावले आहे. बाबा एकोणऐंशीचे झाले. कान गेले, पण हट्ट शाबूत आहे.

मी नागपूरला एका प्रयोगशाळेत काम करते. ताप, जंतू, ऊन, असा ताण आला की शरीरातल्या पेशी काय करतात, ते बघायचं. काम मला मनापासून आवडतं. ताण आला की पेशी रोजची बरीच कामं थांबवते. जे निरोप पोचवायचे असतात त्यातल्या पुष्कळांची गाठोडी बांधून बाजूला ठेवते. ताण ओसरला की गाठोडी सुटतात आणि काम पुढे सुरू होतं. तासा-दोन तासांचा खेळ असतो. सूक्ष्मदर्शकातून ते बघताना मला दर वेळी थोडी लाज वाटते. का, ते पुढे लिहिते.

मागच्या वर्षी आम्ही एक पाहणी हाती घेतली. लहानपणी घेतलेल्या लसीचा जोर वयानं ओसरतो, तेव्हा मोठ्या माणसांत घटसर्पाशी लढायची ताकद किती उरली आहे, ते तपासायचं होतं. गावांच्या यादीत मी आपलं गाव घातलं. रक्ताचे नमुने सगळ्यांनी हसत दिले. अहवाल आला तर निम्म्याहून जास्त लोकांत ताकद कमी. मग लसीचं शिबिर ठरलं, आणि तिथे गाव अडलं.

कशामुळे अडलं, तेही लिहायलाच हवं. आमच्याकडे विहिरीवरची मोटर बटण दाबूनही चालू झाली नाही, की लोक म्हणतात, ‘ही तं रुपीबाईची सुई झाली.’ तुम्हाला ज्यांनी कधी पाहिलं नाही ती पोरंही म्हणतात. शिबिरासाठी मी घरोघर गेले, तेव्हा मारोतरावांनी मला पारावरच थांबवलं. ते म्हणाले, “पोरी, रुपीबाईची सुई तुह्याच अंगावर फुसकी निघाली. अन् तूच आम्हाले कायले सांगून राह्यली?”

रुपीबाई, तुमची सुई फुसकी नव्हती. ती मला टोचलीच गेली नव्हती.

मी पहिलीत होते, कौसल्याताई पाचवीत. शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही टेबल मांडलं होतं. तुम्ही नाव पुकारायचात आणि पोरांचा फक्त दंड बघायचात, चेहरा नाही. नजरेला नजर मिळाली की पोरगं रडतं, असं तुम्हीच गुरुजींना सांगितलं होतं. ते बरोबरच होतं, त्या दिवशी फार कमी पोरं रडली. मी मात्र रांगेत उभी राहण्याआधीच रडत होते. ताईला म्हटलं, तू जा माझ्याऐवजी. ती स्वतःची सुई आधीच टोचून घेऊन आली होती. तुम्ही ‘दीपमाला बाबाराव’ म्हणालात आणि ताईनं दुसरा दंड पुढे केला. ती तेव्हा एवढी वाळकी होती, की दंडावरून पहिलीतलीच वाटावी.

तिचे दोन्ही हात सुजले. दोन दिवस तिला घासही तोंडाशी नेता येईना. आई शेतात जायची, मग मी तिला भाकरी कुस्करून भरवायचे. आईला सांगितलं, झोक्यावरून पडली.

पुढच्या हिवाळ्यात माझा घसा बंद झाला. यवतमाळच्या दवाखान्यात मी वाचले. घरी आले त्याच दिवशी बाबा मला घेऊन तुमच्याकडे आले. मागे निम्मी वस्ती होती. बाबा तुम्हाला काय काय बोलले, ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही विसरला नसालच. पोरीला पाणी टोचलं, हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता.

इथवर लिहून मी दोनदा चहा केला. ताई म्हणते, आता लिहून टाक, नाहीतर दूध संपेल.

तुम्ही रजिस्टर उघडून माझं नाव दाखवलंत. मग माझ्यासमोर उकिडव्या बसलात आणि पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. विचारलंत, “खरं सांग माय, तुले सुई टोचली होती ना?”

मी मान हलवली. हो म्हणून.

तुमच्या सुटकेला माझं एक ‘नाही’ पुरलं असतं. ताई गर्दीत मागे उभी होती, ती बोलणार होती. मी तिला घरी पाय ठेवताच माझ्या गळ्याची शपथ घातली होती, आणि नुकत्याच वाचलेल्या गळ्याची शपथ ती कशी मोडणार? महिन्याभरात तुमची बदली झाली.

माझं गाठोडं तेव्हापासून बांधलेलं होतं. सुरुवातीला मार बसेल म्हणून, नंतर शिकले म्हणून, आणि मग नुसतंच सवयीनं.

मारोतरावांनी थांबवलं त्या दिवशी मी ताईला फोन केला आणि म्हटलं, सांगून टाकते. ती म्हणाली, “मी तं कवाचीच मोकळी झाली असती. तूच धरून बसली होती.” मग वर म्हणते, दोघींची सुई तिच्या एकटीच्या अंगात आहे, म्हणून तिला सर्दीसुद्धा होत नाही. पाहणीत आम्ही दोघींनीही रक्त दिलं होतं; तिची ताकद भरपूर निघाली, माझी जेमतेम. माझ्या शास्त्राप्रमाणे यावरून काहीच सिद्ध होत नाही. ताईच्या शास्त्राप्रमाणे होतं.

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांसमोर बोलले. मान हलवल्याचंही सांगितलं. मग मारोतराव म्हणाले, आता मोटर बंद पडली तर म्हणायचं काय? मागून एक म्हातारी म्हणाली, “दीपमालाची मान म्हणा.” लोक हसले, मीही हसले. आता कोणी खोटं हो म्हटलं, की ‘दीपमालाची मान’ म्हणतात. हे नाव मला कायम राहिलं तरी चालेल. परवा शिबिर झालं. दोनशे बारा लोकांनी सुई घेतली. नव्या अर्पिता सिस्टरांनी पाचव्या नंबरला माझा दंड धरला, तेव्हा मी रडले नाही, असं ताईनं गावभर सांगितलं.

फक्त बाबा हसले नाहीत. ते विहारातून उठले ते चपला न घालताच घरी गेले. मी मागोमाग आले, तर खाटेवर बसले होते. मला रागावले नाहीत. म्हणाले, “म्या त्या बाईले पोरंबाळं काढून बोललो होतो.” तेव्हापासून रोज सकाळी विचारतात, पुसदची बस किती वाजता आहे. तुम्हाला भेटून काय बोलणार, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

माझ्या वडिलांनी एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं, ते माझ्या भरवशावर. मला क्षमा मागायची आहे, पण ती तुमच्या सवडीनं, जमली तर. आज मागणं वेगळं आहे. ते तुम्ही नाकाराल, असं प्रेमसिंगभाऊंनी सांगून ठेवलंय, आणि मी तुमच्या जागी असते तर मीही नाकारलं असतं. तरी विचारते.

येत्या रविवारी मी बाबांना घेऊन पुसदला येईन. मी स्टँडवरच थांबेन. ते एकटे येतील. त्यांना बसा म्हणू नका, पाणी विचारू नका, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलायचेही कष्ट घेऊ नका. त्यांनी कडी वाजवली की दार तेवढं उघडाल का?

उत्तराची वाट बघायची नाही असं ठरवून वाट बघणारी,
दीपमाला