डोक्याचं माप

ट्यूनिस, ११ फेब्रुवारी

लाडक्या नजलास,

बाबाचा सलाम आणि आशीर्वाद. थंडी आहे, गुडघे दुखतात, तुझी आई गेल्यापासून हरभऱ्याचा रस्सा मीच रांधतो. बाकी ठीक.

तू सात वेळा फोन केलास, मी उचलला नाही. रागावलोय म्हणून. आधी तेच लिहून टाकतो.

इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायची पक्की नोकरी कोण सोडतं? डायलिसिसचं यंत्र अडलं की डॉक्टर तुझ्यामागे धावायचे, मी गल्लीभर सांगायचो. मग एकदा मेंदूच्या लहरी काढणारं यंत्र तपासताना तू पाहिलंस, की वाचा गेलेल्या रोग्याच्या कानाशी कोणी त्याच्या लेकीचं नाव घेतलं आणि कागदावरची रेघ उसळली. तेवढ्यावर तू चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झालीस, स्फाक्सला, लोकांच्या डोक्याला तारा लावायला. शेजारचा मोंजी विचारतो, "काय चाचा, पोरगी आता डोकी दुरुस्त करते? आधी तुमचं करायला सांगा."

वर त्या तारांच्या टोपीचा फोटो पाठवलास. ती सरकते आणि रेघा बिघडतात म्हणे. बिघडणारच. ज्यानं ती शिवली त्यानं जन्मात कुणाचं डोकं हातात धरलेलं नाही. आमच्या दुकानातली लाल लोकरी टोपी, शेशिया, विणताना दुप्पट मोठी असते. गरम पाण्यात मळून आटवली की डोक्यावर बसते. तुला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडमना हे कोण सांगणार?

आणि मागच्या खेपेला तू मला काय विचारलंस? "बाबा, तुम्ही शेशियाला 'ती लाल' का म्हणता?" म्हणे तपासायला या, नुसती तारांची टोपी घालून बघू. मी काय तुझं बिघडलेलं यंत्र आहे?

वर 'शेशिया' लिहिलंय ना, ते दुकानाबाहेर जाऊन पाटीवरून उतरवलं. पन्नास वर्षं विकलेला शब्द. परवा गिऱ्हाइकासमोर तुझ्या आईचं नाव आठवेना. लोकर कुठवर आटवायची ते माझ्या हातात असतं. हे डोक्यातलं कोण आटवतंय, कळत नाही. फोनवर मी अडखळतो ते तुला ऐकू येईल. कागद थांबतो.

तुमची ती टोपी मी घालणार नाही. पांढऱ्या लोकरीची एक विणायला दिली आहे. तारांची भोकं कुठे ठेवायची ते कळव. माझ्या डोक्याचा घेर सत्तावन्न सेंटीमीटर. मीच मोजलाय, तेव्हा येऊन पुन्हा मोज.

तुझा बाप.

नजला. नजला. नजला. तीनदा लिहिलं, पाटी न बघता.