ताऱ्याला दिलेला आवाज

मोसुल, ७ नोव्हेंबर

ति. मुवफ्फकदादास,
रिहाबचा सलाम वि. वि.

डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. उजवं मनगट मोडलंय. वहिनीला जिन्यावरून पडले एवढंच सांग. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र.

वीस वर्षं रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे फळ्यावर शिकवले, वरखाली जाणारी रेघ काढून. कुणाला ढिम्म कळलं नाही. आता व्हीआरचा चष्मा चढवला की मुलगी थेट दोन ताऱ्यांच्या मधे उभी राहते. धाकटा तारा थोरल्याचं अंग ओरबाडून गिळतो, गिळता गिळता पेटतो आणि फुटतो. इथून आपण म्हणतो, तारा आज जास्त उजळला. पण मुली कुरकुरल्या, की बाई, एवढा स्फोट आणि मुका? तू आवाजांचंच काम करतोस, म्हणून तुझ्याकडे स्फोटाचा आवाज मागितला.

मंगळवारी शाळेचा शिपाई अबू गानिम चष्मे पुसत होता. हो, आपल्या मागच्या घरातलाच. लढाईत त्याचा मुलगा गानिम गेला, घर गेलं. आता नवराबायको शाळेच्याच खोलीत राहतात. मीच आग्रह करून त्याला चष्मा घातला. तारा फुटला आणि त्याने माझं मनगट पिरगाळून मला टेबलाखाली खेचलं, वर आडवा पडला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. सोडवायला आलेल्या कसरतीच्या मास्तरांचे दोन दात त्याने लाथेने पाडले, कपाटाची काच फोडली, आणि सारखा ओरडत होता, "गानिम, डोकं वर काढू नकोस."

शाळेची समिती म्हणते, त्याने बाईमाणसावर हात टाकला. अठराला, सोमवारी, माझा जबाब आहे. त्यावर त्याची नोकरी आणि खोली ठरेल. काल तो मला एवढंच म्हणाला, "बाई, तो आवाज बनवलेला नाही. आधी शिट्टी, मग दोन धमाके. तो आपल्या गल्लीतला आहे."

दादा, तो आवाज कुठला?

तुझी,
रिहाब

बसरा, १० नोव्हेंबर

चि. रिहाबला,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा बरं आहे, तोच वापरत जा. वहिनीने खजूर दिलेत आणि जिन्यावर दिवा लाव म्हणाली.

आवाजाचं काय घेऊन बसलीस? लग्नाच्या वराती वाजवणारा माणूस मी. ढोल, पत्र्याचं दार, थोडा यंत्राचा खेळ. बॉम्ब सगळे सारखेच वाजतात गं. अबू गानिमचं डोकं फिरलंय, त्यात तुझा दोष नाही. तो आधीपासून तापट होता असं लिही आणि मोकळी हो. नाहीतर चष्मे जातील, पाठोपाठ तूही जाशील. लहानपणापासून तुला दुसऱ्याचा गुन्हा अंगावर ओढून घ्यायची हौस.

हाताला जप. माया आहे ती राहू दे.

दादा

मोसुल, १३ नोव्हेंबर

ति. दादास,
सलाम वि. वि.

खजूर पोचले. अर्धे अबू गानिमच्या बायकोला दिले. तिने सामान बांधायला घेतलंय.

तो आवाज मी कानाला लावून चाळीसएक वेळा ऐकला. शिट्टीच्या आधी बारीक घुंगरं वाजतात. बाबा कबुतरांच्या पायांत बांधायचे ती. आपल्या गच्चीवरची घुंगरं मी झोपेतही ओळखीन. लढाईच्या वेळी मी आईबरोबर अर्बीलला होते, बाबा आणि तू मागे राहिला होतात. गानिम गेला त्या दिवशी तू गच्चीवर होतास.

जबाब लिहून ठेवला आहे. अंतराळात आवाज नसतो, हे मी वीस वर्षं शिकवते. मुलींना ती शांतता सोसून बघायला लावायच्या ऐवजी मी ताऱ्याच्या तोंडी खोटं घातलं, आणि त्या खोट्यासाठी खरा बॉम्ब वापरला. अबू गानिमने हात टाकला नाही, मला झाकलं. हेही लिहिलंय. तरी शंका येते, हे मी त्याच्यासाठी लिहितेय की स्वतःला धुऊन घ्यायला? आवाज कोणी दिला, तिथे जागा कोरी ठेवली आहे.

तुझी,
रिहाब

बसरा, १५ नोव्हेंबर

चि. रिहाब,

त्या जागी माझं नाव लिही.

मी नवा माइक गच्चीच्या कठड्यावर लावला होता. सगळं शहर जळतंय तर आवाज तरी जपून ठेवू, असं स्वतःला सांगत होतो. मूळ टेपमध्ये अजून अकरा सेकंद आहेत. स्फोटानंतर माझा आवाज आहे, "वा, काय स्वच्छ पकडलाय!" मग मागच्या घरातून गानिमची आई त्याला हाका मारते. ते सगळं मी कापलं. तुला पाठवताना वाटलं, उरलेल्याला कोण ओळखणार? घुंगरांकडे माझंही लक्ष गेलं नाही.

रविवारच्या गाडीने निघतो. समितीपुढे मी बोलेन, टेप त्यांच्यापुढे ठेवेन. पण आधी अबू गानिमच्या खोलीवर जाईन. त्याने मारलं तर मारू दे. तू मधे पडू नकोस, तुझा एक हात आधीच गेलाय.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. आल्यावर ठरव.

मुवफ्फक