घराण्याची इज्जत अर्जदाराच्या नावावरून कमी करून मिळणेबाबत

प्रति,
मा. मालमत्ता नोंद अधिकारी,
मालमत्ता नोंद कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली (पाटी पडलेली आहे).

अर्जदार: मयत कुलूपवाले यांची मुलगी, वय ३१, धंदा कुलूपदुरुस्ती व किल्ल्या, राहणार सध्या मावशीकडे.

विषय: घराण्याची संपूर्ण इज्जत अर्जदार एकटीच्या नावावर चालू असल्याने ती कमी करून दोन्ही भावांच्या नावे समान लावणेबाबत, ते शक्य नसल्यास अर्जदाराचे नाव वंशावळीत लावणेबाबत.

संदर्भ: १) भावांनी दाखल केलेली वंशावळ, खिडकी क्र. ३.
२) त्याच भावांनी दाखल केलेला आक्षेप अर्ज, खिडकी क्र. ५.
३) आपल्या कार्यालयातील थोरल्या कारकुनांचे वेळोवेळीचे तोंडी उद्गार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सादर करते की, या खुर्चीवर आलेले आपण तिसरे अधिकारी आहात. पहिल्या दोघांना अर्जदाराने सगळे पहिल्यापासून सांगितले होते. दोघांचीही बदली झाली. त्यात अर्जदाराचा हात नाही. तरी आता पुन्हा पहिल्यापासून.

१. अर्जदाराचे वडील कुलपांचे कारागीर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे स्वकष्टाचे दुमजली घर असून खालची पुढची खोली हे त्यांचे दुकान. अर्जदार बारा वर्षांची असल्यापासून त्या खोलीत वडिलांच्या डाव्या हाताला बसून किल्ल्या घासत आली. दोन्ही भावांना कानशीचा आवाज दातांत जातो, म्हणून ते तेथे कधी थांबले नाहीत. थोरला भाऊ मालवाहतुकीच्या कंपनीत आहे. धाकटा भाऊ थोरल्याच्या मताचा आहे.

२. वयाच्या एकविसाव्या वर्षी अर्जदाराचे लग्न झाले. लग्नात एक लोखंडी कपाट दिले. त्याचे कुलूप अर्जदारानेच बसवले होते. थोरल्या भावाने कपाटावर थाप मारून पाहुण्यांदेखत सांगितले, "हा तुझा वाटा. आता मागे वळून बघायचं नाही." तिसऱ्या वर्षी अर्जदाराचे पती आजारपणात वारले. महिन्याभराने सासूबाई म्हणाल्या, "आमचा मुलगाच राहिला नाही, तर तू आमची कोण गं?" आणि त्यांनी बॅग भरून दिली. कपाट तेथेच राहिले. म्हणजे अर्जदाराचा वाटा सध्या सासूबाईंच्या कपड्यांना वाळवी लागू देत नाही.

माहेरी आल्यावर थोरला भाऊ म्हणाला, "दिलेली मुलगी परत घेत नसतात." वडील एवढेच म्हणाले, "ये, बस. दहा कुलुपं पडलीत." अर्जदार बसली. पुढची सहा वर्षे बसलेलीच होती.

३. मध्यंतरी शाळेतले चित्रकलेचे एक मास्तर कुलूप दुरुस्तीला घेऊन आले. मग दुसरे घेऊन आले. चौथ्या खेपेला जे आणले त्याला काहीही झालेले नव्हते. तेव्हा विषय सर्वांच्या लक्षात आला. वडील म्हणाले, "करू दे की लग्न." परंतु वडिलांचा शब्द फक्त कुलुपांपुरता चालत असे. थोरल्या भावाने निकाल दिला, "आपल्या घरात मुलीचं लग्न दोनदा होत नाही. इज्जत आहे घराण्याला." त्याच महिन्यात धाकट्या भावाचे दुसरे लग्न झाले. जेवण चांगले होते. मास्तर दुसऱ्या गावी बदलून गेले. त्यांचे न बिघडलेले कुलूप अर्जदाराकडे आहे. ते या अर्जासोबत जोडलेले नाही.

४. गेल्या वर्षी वडील वारले. पंधराव्या दिवशी भावांनी आपल्या खिडकी क्र. ३ वर वंशावळ दाखल केली. तीत वर वडिलांचे नाव, त्याखाली दोन रेघा, दोन भाऊ. अर्जदार नाही. मात्र धाकट्या भावाखाली ठिपक्यांची एक रेघ असून तिच्या टोकाला 'होणारा मुलगा' असे लिहिले होते, कारण वहिनींना तेव्हा सातवा महिना होता. जो अजून जन्मला नाही त्याला ठिपके मिळाले, आणि जी एकतीस वर्षे समोर बसली आहे तिला तेही मिळाले नाहीत, याबद्दल अर्जदाराने लेखी विचारणा केली. उत्तर आले की, प्रकरण विचाराधीन आहे.

यथावकाश वहिनींना मुलगी झाली. ठिपके खोडण्याचा दुरुस्ती अर्ज धाकट्या भावाने सकाळी दिला आणि तो दुपारी मंजूर झाला. आपले कार्यालय इतक्या झपाट्याने काम करू शकते, हे अर्जदारास त्या दिवशी कळले. तिला बरेही वाटले.

५. वंशावळ दाखल झाली त्याच आठवड्यात भावांनी दुकानाला कुलूप लावले व अर्जदाराची बॅग मावशीकडे पोचवली. ही तिची दुसरी भरून मिळालेली बॅग. पोटासाठी अर्जदार गल्लीच्या कोपऱ्यावर पेटी मांडून बसू लागली. पेटीवर पाटी लावली: 'कुलूपवाल्यांची मुलगी. किल्ल्या करून मिळतील.' त्यावर भावांनी खिडकी क्र. ५ वर आक्षेप अर्ज दिला. त्यातला मजकूर जसाच्या तसा: "सदर बाई ही आमची सख्खी बहीण असून आमच्या घराण्याची संपूर्ण इज्जत तिच्यावर आहे. ती रस्त्यावर बसल्याने आमचे नाक कापले गेले आहे. तरी तिला उठवावे." खाली दोघांच्या सह्या. वंशावळीवर आहेत त्याच, त्याच जांभळ्या शाईत.

भावांच्या नाकाबाबत अर्जदाराने समक्ष पाहणी केली आहे. दोन्ही जागेवर आहेत.

६. अर्जदाराने दोन्ही कागदांच्या नकला थोरल्या कारकुनांपुढे शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांनी चष्मा पुसला व म्हणाले, "बाई, दोन्ही बरोबर आहेत. तीन नंबरला तुम्ही त्यांच्या कोणी नाही, पाच नंबरला सख्ख्या आहात." दोन्हींचा मेळ कोठे घालतात असे विचारता म्हणाले, "चार नंबरला. पण ती खिडकी उघडत नाही. बिजागरी गंजलीय." अर्जदाराने ती दुरुस्त करून देण्याची तयारी दाखवली. त्यावर त्यांनी चहा मागवला, आणि अर्धा कप अर्जदारास दिला. या कार्यालयाकडून आठ महिन्यांत अर्जदाराच्या हाती पडलेली ही एकमेव गोष्ट आहे, म्हणून नोंद केली.

७. सबब अर्जदाराचे म्हणणे असे की, खिडकी क्र. ३ चा कागद खरा धरायचा तर ती या घराण्याची कोणी नाही; आणि कोणी नसलेल्या बाईच्या नावावर घराण्याची मौल्यवान वस्तू ठेवणे बेकायदेशीर आहे. ती तात्काळ कमी करून खऱ्या वारसांच्या नावे लावावी. बाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाने "इज्जतीचा नमुना माझ्याकडे नाही" म्हणून हात वर केल्यामुळे वर्णन अर्जदारानेच करून दिले आहे.

वस्तू: इज्जत, वडिलोपार्जित, नग एक. क्षेत्रफळ: मोजता येत नाही, परंतु अर्जदार जेथे जाईल तेथपर्यंत असते. चतुःसीमा: वर डोक्यावरचे कापड, खाली चपलांचा आवाज, समोर शेजारीणबाईंची खिडकी, मागे दोन भाऊ. ताबा व वहिवाट: अर्जदाराची, वयाच्या बाराव्या वर्षापासून अखंड. देखभाल अर्जदार करते, मालकी भाऊ सांगतात. अर्जदार मोठ्याने हसली की वस्तूस तडा जातो, संध्याकाळी उशिरा आली की ती मातीत मिळते, पाटी लावली की थेट वेशीला टांगली जाते. धाकटा भाऊ दारू पिऊन गटारात पडला होता, तेव्हा मात्र ती जागची हलली नाही; याचा अर्थ भावांच्या हाती ती अधिक सुरक्षित राहील. सासरच्या घराची अशीच एक वस्तू अर्जदाराकडे चुकून राहिली आहे. तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल काय, ते कळवावे. असे दोन घरांचे सामान घेऊन जिने चढून अर्जदार आता थकली आहे.

८. मागील आठवड्यात थोरल्या भावाची किल्ली दुकानाच्या कुलपात मोडली. बाहेरचा कारागीर बोलावला तर गल्लीत शोभा होईल, म्हणून त्याने आपल्या पत्नीस कोपऱ्यावर पाठवले. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "ताई, चला ना जरा. तुमचे भाऊ नुसते कुलपाकडे बघत उभे आहेत." अर्जदार गेली. तुकडा काढला, कोरी किल्ली आत फिरवून खुणा घेतल्या, खुणांपुरते घासले, कुलूप उघडले. दार लोटल्यावर वडिलांचे बाक दिसले, आणि डाव्या बाजूचे अर्जदाराचे स्टूल. स्टुलावर भावाने जुनी वर्तमानपत्रे रचली आहेत. अर्जदार उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. आत ये असे कोणी म्हटले नाही. वहिनी काही बोलणार होत्या, पण भाऊ खाकरला. त्याने अर्जदाराच्या समोरच पुन्हा कुलूप लावले व म्हणाला, "दोन किल्ल्या करून दे. एक माझी, एक धाकट्याची."

अर्जदाराने तीन केल्या.

९. तरी विनंती की, (अ) घराण्याची इज्जत अर्जदाराच्या नावावरून कमी करून भावांच्या नावे लावावी व ताबा पावती द्यावी. (आ) ते नियमात बसत नसेल, तर खिडकी क्र. ५ चा कागद खरा धरून वडिलांच्या नावाखाली तिसरी रेघ ओढावी. जागा आहे, अर्जदाराने पट्टी लावून पाहिली आहे. (इ) (अ) किंवा (आ) काहीही मंजूर झाले तरी धाकट्या भावाखालची खोडलेली रेघ परत काढावी, आणि या खेपेस ठिपके न देता सलग काढावी. मुलगी पाच महिन्यांची आहे. तिला स्वतः अर्ज करता येईपर्यंत आपलीही बदली झालेली असेल.

१०. शेवटचे. तिसरी किल्ली या अर्जासोबत जोडली आहे. अर्जदार मनात आणील तर त्या दुकानात आज दुपारीही बसू शकते. त्या कुलपाला ती किल्लीसुद्धा लागत नाही, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. परंतु वडिलांनी पहिल्या दिवशी, कानस हातात देण्याआधी, एक नियम सांगितला होता: "उघडता येतं म्हणून उघडायचं नसतं. मालकाने सांगितलं की उघडायचं." अर्जदाराने तो एकोणीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

तरी मालक कोण, एवढेच आपण लिहून द्यावे. पुढचे अर्जदार बघून घेईल.

आपली नम्र, आणि आठ महिने उभी,

(सही)
कुलूपवाल्यांची मुलगी
गल्लीचा कोपरा, पेटीमागे

दिनांक: आवक शिक्का पडेल ती.

सोबत:
१) वंशावळीची नक्कल, खोडलेल्या ठिपक्यांसह.
२) आक्षेप अर्जाची नक्कल.
३) मोडलेल्या किल्लीचा तुकडा.
४) किल्ली, एक. वापरलेली नाही.