होडीला फायबर

आणि फायबरचं नुसतं नाव काढलं तरी तुम्ही अंगावर यायचात, बाबा, ते काही बरोबर नव्हतं. सगळ्या देवबागेत लोक लाकडी होड्यांना बाहेरून फायबर चढवून घेत होते आणि आपली होडी मात्र दर पावसाळ्यात माडाखाली उलटी पडून राहायची, सांध्यांत कापूस नि राळ भरून घ्यायला. मी सातवीतून शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलो तो होड्या बांधायला, दरवर्षी तीच गळती बुजवायला नव्हे. हे तोंडावर बोललो तेव्हा तुम्ही पटाशी खाली ठेवलीत नि म्हणालात, "लाकडाक श्वास लागता. तुका लागता तसो." मी म्हटलं, "माका तरी हयसर खंय मिळता?" आई चुलीकडून ओरडली, "गप रवा रे दोघवय, जेवान थंड होता." जेवलो, पण एकमेकांकडे बघितलं नाही. वर्षभरात मी शारजाला आलो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या दिवसांनाही मी पोचलो नाही.

आता परवा धाकट्याने फोनवर तेच विचारलं. होडी फार पाणी घेते, खालच्या तीन फळ्या मऊ पडल्या आहेत, नारळी पौर्णिमेआधी काय ते ठरव. फायबरवाला तयार आहे. वर म्हणतो, "दादा, तूच बाबांशी भांडलस ना फायबरसाठी? मगे आता गप कित्याक?"

गप का, ते त्याला कसं सांगू. मी इथे करतो काय, ते तुम्हाला कळलं असतं तर आधी हसला असतात. आमचं वर्कशॉप श्रीमंतांच्या बोटी दुरुस्त करतो, पण साहेबाचा जीव खोट्या लढाऊ जहाजांत. तीन-चार हात लांबीची, जुन्या लढाईतल्या जहाजांसारखी हुबेहूब, काठावरून रिमोटने चालवायची. त्यांच्या तोफा खऱ्याच छर्रे मारतात, गॅसच्या नळकांड्यावर. शुक्रवारी सगळे साहेब एका तळ्यावर जमून एकमेकांची जहाजं भोकं पाडून बुडवतात. मग मी पँट वर करून पाण्यात उतरतो, बुडालेलं उचलून आणतो, मोटारी सुकवून तेल देतो, चाळण झालेली कड कापून नवी लावतो. पुढच्या शुक्रवारी परत तेच. बाबा, दरवर्षीच्या गळतीला कंटाळून आलो आणि इथे ती दर आठवड्याला बुजवतो.

पहिलं जहाज दिलं तेव्हा कडेला लावायचं लाकूड मी परत परत उलटून पाहिलं. नखाने दाबलं तर खड्डा पडेल असलं. मी कुणाला न विचारता आतून दुसरी चांगली फळी बसवली, सांधे तुमच्यासारखे कापसाने भरले. तळ्यावर तपासणी झाली नि जहाज लढाईबाहेर. नियमच आहे, छर्रा आरपार गेला पाहिजे. साहेब हसून हसून लाल. "तुमको मजबूत करने को किसने बोला? इसको तो डूबना मांगता." मी म्हटलं, "साब, मेरे को वो काम आता नहीं." त्यावर बाकीचेही हसले. तेव्हापासून पातळ लाकूड लावायला शिकलो. चार वर्षं झाली. हात आता विचारत नाही.

गेल्या साली साहेबाने एक जुनं, सगळं लाकडाचं जहाज आणलं. तळाला पाणी झिरपत होतं. मी हुशारी केली, वरून फायबर चढवून दिलं, तुम्ही कधी करू दिलं नाहीत तसं. लाकूड आतून ओलं होतं. वरून आरशासारखं गुळगुळीत. सहा महिन्यांनी मोटार बदलायला आतली पट्टी धरली, तर चहात बुडवलेल्या खारीसारखी हातात आली. फायबर शाबूत, आत लगदा. तो लगदा बोटांना लागलेला, आणि मी वर्कशॉपच्या मागे जाऊन बराच वेळ बसलो. साहेबाला वाटलं ऊन लागलं.

म्हणजे तुमचं खरं होतं. पण खरं असून काय उपयोग. त्या तीन फळ्या काढून उंडीच्या लाकडाच्या नव्या बसवायच्या तर जुने हात सगळे गेले, धाकट्याला जाळं कळतं, लाकूड कळत नाही. उरलो मी. पंधरा दिवसांचं काम. पण एकदा त्या माडाखाली होडीशी बसलो तर मी परत इथे येणार नाही, आणि इथला पगार थांबला तर आईचं औषध नि धाकटीचं लग्न कोण बघणार? धाकट्याला म्हटलं, साहेब सुट्टी देत नाही, तू फायबर करून घे, फक्त आधी महिनाभर होडी नीट सुकव. तो म्हणाला, "पावसात सुकवू खंय?" मी फोन ठेवला.

चार-पाच वर्षं जाईल ती. वरून चांगली दिसेल, आईही खूश होईल. आतलं मलाच ठाऊक. हे लिहिलेलं पोस्टात टाकायचं नाही, म्हणून तेवढं सांगतो: सुट्टी मी मागितलीच नाही. उद्या फायबरवाल्याचे पैसे पाठवतो आहे, बावीस हजार रुपये.